लाल लंगोट आणि नऊ फूट पाणी

"तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही," मी म्हणालो, "पण परक्या मुलखात, शे-दीडशे गोऱ्या माणसांच्या देखत, मी नुसत्या लाल लंगोटावर नऊ फूट पाण्यात उडी घेतलेली आहे."

अंगणात चहा चालला होता. बापू शिरगुप्पेनं बशीतला घोट तसाच तोंडात धरला आणि मग सावकाश गिळला.

"दामू, तुला पोहायला येत नाही."

"येत नाहीच."

"आम्ही कृष्णेत पोहायचो तेव्हा तू घाटावर बसून आमची कापडं राखायचास."

"राखायचो. कुणाची चड्डी कधी हरवली नाही. म्हणून तर म्हणतो, विश्वास बसणार नाही."

"साक्षीदार कोण?"

मी पायरीकडं बोट केलं. तिथं माझी नात शरयू बसली होती. परवाच हॉलंडहून सुट्टीला आलेली, वीस वर्षांची, गुडघ्यावर फोन टेकवून. "ती होती तिथं. पण तिला आत्ता विचारून उपयोग नाही. कानात ती पांढरी बोंडं घातली की शेजारी नारळ पडला तरी तिला कळत नाही. तेव्हा माझ्या शब्दावरच भागवून घ्या."

बापूनं उसासा टाकला. माझ्या शब्दाची गावात काय पत आहे ते मला ठाऊक आहे. बत्तीस वर्षं मी बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत काढली. "येतेय, येतेय, आत्ताच निघाली तिकडून," हे वाक्य मी इतक्या खात्रीनं म्हणायचो की मला स्वतःलाच गाडीची धूळ दिसू लागायची. लोक निवांत बाकावर जाऊन बसायचे. मी कुणाला खोटं सांगितलं असं मला वाटत नाही. मी लोकांना धीर दिला. त्याच सवयीनं पुढं घात केला.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगा निशिकांत आणि सून ऋता तेव्हा नुकतेच हॉलंडात घर घेऊन स्थिरावले होते. त्या देशात निम्म्या घरांच्या मागं कालवा. त्यामुळं तिथं पोराला पोहण्याची परीक्षा द्यावी लागते आणि ती पास झाल्याशिवाय आईबाप त्याला कालव्याकडं फिरकू देत नाहीत. परीक्षाही कशी, तर कपड्यांनिशी. शर्ट, पँट, पायात बूट, सगळं चढवून पाण्यात उडी मारायची. कालव्यात पडणारं पोर काही कपडे बदलून पडत नाही, हा त्यामागचा विचार. मला तो फार आवडला.

शरयू आठ वर्षांची होती आणि दोनदा नापास झाली होती. पोहायला तिला उत्तम येत होतं. शिडीनं हळूच पाण्यात सोडा, बेडकीसारखी पल्याड जायची. पण काठावर उभं करून "मार उडी" म्हटलं की तिचे पाय सिमेंटचे व्हायचे. तिच्या मैत्रिणी सहाव्या वर्षीच पास होऊन कालव्यात रबरी होड्या घालत होत्या आणि ही खिडकीतून बघत होती. तिसरी परीक्षा सप्टेंबरात होती. ऋता फोनवर सांगायची, "बाबा, परीक्षेचं नाव काढलं की जेवत नाही हो ती."

आता अशा पोरीला रविवारच्या फोनवर आजोबानं काय सांगायचं? मी धीर दिला. सांगितलं की कृष्णेला महापूर आला होता, पाणी पुलाच्या कमानीला लागलं होतं, आणि मी आयर्विन पुलावरून उडी मारली. पुढच्या रविवारी तिनं विचारलं, "मग?" मग त्यात एक म्हैस वाहत आली. लोक म्हशीची शेपटी धरून पूर ओलांडतात. मी म्हशीला माझी शेंडी धरायला दिली आणि हरिपूरच्या घाटाला लावली. माझ्या डोक्यावर आता एक केस नाही, त्याचं कारणही तिला आयतंच मिळालं.

"आजोबा, तुला भीती नाही वाटली?" ती विचारायची. अहोजाहो हॉलंडात अजून पोचलेलं नाही. ती मला, आजीला, एकदा फोनवर भेटलेल्या बापूलासुद्धा 'तू'च म्हणते.

"भीती?" मी म्हणायचो. "ती कशी असते गं दिसायला?"

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिकडं गेलो आणि निशीनं सगळ्यांना मोटारीत घालून दक्षिण फ्रान्सला नेलं. तिकडची चांगली पगारदार माणसं सुट्टी घेऊन एका मैदानात तंबू ठोकतात, सार्वजनिक नळावर भांडी घासतात आणि याला मजा म्हणतात. आमच्या हिनं पहिल्याच दिवशी हातात पातेलं घेऊन मला विचारलं, "अहो, यासाठी विमानानं आलो होय आपण?"

वाटेत गाडीत शरयूनं माझ्यापुढं हात धरला. "आजोबा, तिथं मोठा पूल आहे. पोहायचा. तू आधी उडी मार, मग मी मारते. नक्की. टाळी दे."

मी टाळी दिली. मला वाटलं, पोरासोरांचा तलाव, असेल कमरेइतकं पाणी. पोचल्यावर बघायला गेलो तर निळंशार, तळ न लागणारं पाणी आणि काठावर लिहिलेलं, दोन मीटर सत्तर. मी मनात फूट केले. नऊ भरले.

त्या रात्री तंबूत ही कुजबुजली, "आता सांगून टाका तिला खरं. लहान आहे, विसरेल."

"अगं, दोनदा नापास झालेली पोर आहे. तिच्याजवळ आत्ता माझ्या त्या पुलावरच्या उडीशिवाय काही नाही. तेही काढून घेऊ?"

"मग मारा उडी."

"आणि बुडालो तर?"

"मग तर परीक्षेला बसायचीच नाही ती," ही म्हणाली आणि कूस बदलून झोपली. माझं काय होईल याचा उल्लेख तिच्या बोलण्यात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला साक्षात नियमानं तारलं. तलावाच्या फाटकावर एक पाटी होती, तिच्यावर चड्ड्यांची चित्रं. गुडघ्यापर्यंतच्या सैल चड्डीवर लाल फुली. मांडीला घट्ट बसणाऱ्या तोकड्या चड्डीवर हिरवी खूण. निशीनं माझ्यासाठी आणलेली चड्डी गुडघ्याच्याही खाली जात होती आणि तिच्यावर नारळाची झाडं होती. फाटकावरच्या राखणदारानं, जेरार त्याचं नाव, गळ्यातली शिट्टी बोटाभोवती फिरवत माझ्या नारळांकडं पाहिलं आणि मान हलवली.

ऋतानं पुण्यात फ्रेंचच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. तिनं विचारून घेतलं. "बाबा, सैल चड्डी चालत नाही म्हणतात. लोक ती दिवसभर घालून हिंडतात, मातीत बसतात, खिशात वाळू, बिस्किटं, काय काय असतं, आणि तसेच पाण्यात येतात. अंगाला घट्ट, बिनखिशाची आणि जी घालून रस्त्यावर हिंडता येणार नाही अशीच पाहिजे."

मला त्या जेरारला मिठी मारावीशी वाटली. पण चेहऱ्यावर मी संताप आणला.

"हा अन्याय आहे!" मी मराठीत गरजलो. "कृष्णेनं कधी कुणाची चड्डी विचारली नाही!"

रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्याही चड्ड्या सैलच होत्या.

"म्हणजे उडी नाही?" शरयूनं विचारलं.

"बाळ, मला आत्ताच मारायची होती गं. अंग नुसतं शिवशिवत होतं. पण कायद्यापुढं काय चालतंय?"

निशी धावत जाऊन हापिसातून विकतची घट्ट चड्डी घेऊन आला. हातरुमालाएवढी. तिच्यात माझी एक मांडीसुद्धा मावली नसती, आणि यापेक्षा मोठी शिल्लक नव्हती. मी हळहळलो, निशीला 'पोरीला तूच सांभाळ' म्हणालो आणि छत्रीखालच्या खुर्चीवर बसलो. सगळ्यांचे टॉवेल, चष्मे, सपाता माझ्या ताब्यात आल्या. साठ वर्षांनी पुन्हा तेच काम. इतकं सुखाचं वाटलं म्हणून सांगू.

पण दोन दिवसांत सुखाला कीड लागली. शरयू पाण्यात जाईना. माझ्या शेजारी खुर्चीवर पाय पोटाशी घेऊन बसून राहायची. ऋता पाण्यातून हाका मारायची, "शरू, शिडीनं तरी ये गं!" शरयू मान हलवायची. "आजोबा नाही, तर मी पण नाही."

तिसऱ्या दिवशी असंच बसलेलो असताना तिनं विचारलं, "पुलावरून मारलीस तेव्हा काय घातलं होतंस?"

बत्तीस वर्षं खिडकीत बसलेल्या माणसानं असल्या प्रश्नाला आधी गाडी कुठली ते विचारावं. मी बोलून गेलो, "लंगोट."

"लंगोट म्हणजे?"

"पैलवान नेसतात तो."

"तो सैल असतो?"

मी उत्तर शोधत होतो तेवढ्यात पलीकडच्या खुर्चीवरून आमची ही बोलली. विणकामातून डोकं वर न काढता. "छे गं, सैल कसला! पिशवीत आहेत की दोन. रोज सकाळी नमस्कार घालतात ना ते, म्हणून आणलेत."

मी हिच्याकडं पाहिलं. तिनं टाके मोजायला सुरुवात केली.

शरयू तर उभीच राहिली. तिच्या डोळ्यांत पुन्हा तो पूर, ती म्हैस. आणि त्या क्षणी, मंडळी, मला एक नामी युक्ती सुचली. मी म्हटलं, बरं झालं. जे लोक गुडघ्याएवढ्या सभ्य चड्डीला फाटकावर अडवतात, ते लंगोट बघून तर पोलीसच बोलावतील. मला हाकलून देतील. तेही पोरीच्या देखत, अगदी वाजतगाजत. आजोबा तयार होता, जगानं त्याला अडवलं. प्रश्न कायमचा मिटला.

मी तंबूत जाऊन लाल लंगोट कसला. गावच्या शिंप्यानं शिवलेला, दोन पदरी, मागून पुढून नीट झाकणारा तालमीतला लंगोट. वरून पंचा गुंडाळला आणि फाटकाशी आलो. जेरार समोर आल्यावर पंचा सोडला आणि डाव्या मांडीवर असा शड्डू ठोकला की पाण्यातली पोरं पोहायची थांबली.

जेरारनं माझ्याकडं पाहिलं. मग पाटीकडं पाहिलं. पाटीवर फुल्यांची चार चित्रं होती, त्यांत लंगोट नव्हता. त्यानं हापिसातल्या बाईंना बोलावलं. बाई चष्मा लावून आल्या. दोघांनी माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, देवळात घालतात तशी, अदबीनं. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. माझा श्वास कशासाठी रोखलेला होता ते फक्त हिला ठाऊक.

जेरारनं लंगोटाच्या नाडीखाली एक बोट घातलं, ओढलं आणि सोडलं. नाडी फट्कन अंगावर बसली.

"घट्ट आहे म्हणतात," ऋता म्हणाली.

बाईंनी खिसा शोधला. लंगोटाला खिसा कुठून असणार?

"आता विचारतायत, हे घालून गावात हिंडता येतं का?"

ही माझी शेवटची संधी होती. "येतं की!" मी ओरडलो. "सांग त्यांना! आमच्याकडं सर्रास! बाजारात, बँकेत, लग्नाकार्यात!"

ऋतानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि फ्रेंचमध्ये एक छोटंसं वाक्य बोलली. बाई खळखळून हसल्या. जेरारनं टाचा जुळवून मला सलाम ठोकला आणि फाटक सताड उघडलं.

"काय सांगितलंस गं?"

"हेच, की असे बाहेर हिंडलात तर आई घरात घेणार नाहीत."

रांगेतल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या दृष्टीनं मी लढाई जिंकली होती.

एक फट अजून शिल्लक होती. तिथं पाण्यात उतरायला डोक्याला रबरी टोपी सक्तीची, केस गळू नयेत म्हणून. मी माझ्या तुळतुळीत टकलावरून हात फिरवला, दोन्ही हात पसरले आणि दुःखानं म्हणालो, "टोपी नाही. केसच नाहीत, तर टोपी कोण आणतंय?" जेरार म्हणाला, टक्कल असो नसो, नियम तो नियम. आणि त्यानं स्वतःच्या पेटीतून एक टोपी काढून मला घातली. पिवळी. तिच्यावर बदकाचं पिल्लू.

तर असा मी, वय वर्षं सत्तर, वर बदक, खाली लंगोट, नऊ फूट पाण्याच्या काठावर उभा. पायाच्या बोटांनी मी कड अशी धरली होती की फरशीला माझा अंगठा उमटला असेल. शरयू माझ्या मागं.

"आजोबा, घाबरलास?"

"छे. पाण्याचा अंदाज घेतोय."

पाच मिनिटं गेली. निशी पलीकडं मोबाईल धरून उभा होता, त्याचा हात दुखायला लागला म्हणून तो खाली बसला.

"पुलावर पण इतका वेळ घेतलास?"

"ते पाणी वाहतं होतं. साचलेल्या पाण्याचा अंदाज यायला वेळ लागतो."

"तू काहीतरी पुटपुटतोयस."

"अंतर मोजतोय."

मी भीमरूपी म्हणत होतो. तीन वेळा पूर्ण झालं. जेरारची मदत होईल म्हणावं, तर तो फाटकाकडं तोंड करून एका जाडजूड गृहस्थाशी हुज्जत घालत होता. त्या गृहस्थाची चड्डी गुडघ्याखाली जात होती. तलावाच्या राखणदाराचा सगळा जीव चड्ड्यांत आणि पाण्याकडं पाठ.

आणि मग, मंडळी, ते घडलं. पाठीमागून शरयूच्या दोन इवल्या तळव्यांचा स्पर्श झाला. पाठीवर, असा, अलगद. जणू पोर म्हणत होती, आजोबा, मी आहे. त्या स्पर्शानं माझ्या अंगात काय संचारलं म्हणून सांगू! मी विचार केला, दामोदरा, तू बुडशील. शंभर टक्के बुडशील. पण तुला बुडताना पाहून ही पोर तुझ्यासाठी उडी मारेल, आणि एकदा मारली की जन्माची भीती जाईल. एक म्हातारा गेला तर गेला. जय बजरंगबली म्हटलं आणि घेतली उडी!

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं मी डोळे मिटलेले होते. नाकात पाणी, कानात पाणी, आणि खालून वर जायचं की वरून खाली हेच कळेना. बत्तीस वर्षांत सांगितलेल्या सगळ्या गाड्या एकदम माझ्या दिशेनं येताना दिसल्या. एवढ्यात वरून 'धप्प' असा आवाज झाला. शरयू! पोरगी उडी मारून आली होती. कुणी न सांगता, पायांत सिमेंट नाही, काही नाही. खाली सूर मारून तिनं माझ्या लंगोटाची मागची गाठ धरली आणि बेडकीसारखे पाय मारत मला काठाला आणलं. आता सांगा, नारळाच्या झाडांची चड्डी असती तर काय झालं असतं? चड्डी तिच्या हातात आणि मी तळाला. तो नियम ज्यानं केला त्याला मी तिथंच मनोमन नमस्कार केला.

तोवर जेरार शिट्टी फुंकत धावत आला होता. मी काठाला ओठंगून खोकत होतो. त्यानं माझ्याकडं बोट रोखून बरंच काही सुनावलं.

"काय म्हणतोय?" मी विचारलं. "जीव वाचल्याचं?"

"नाही बाबा," ऋता रडत रडत हसत होती, "तुमच्या डोक्यावर टोपी नाही म्हणतोय."

टोपी तलावाच्या मधोमध तरंगत होती. बदक वर करून.

सप्टेंबरात शरयू पास झाली. शर्ट, पँट, बूट, सगळं घालून पहिल्या हाकेला उडी. ते प्रमाणपत्र अजून त्यांच्या फ्रिजवर लावलेलं आहे.

मी थांबलो. बापूच्या बशीतल्या निवलेल्या चहावर साय धरली होती. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याकडं, काय म्हणतात तसं, आदरानं बघत होता.

"लेका दामू," तो हळू आवाजात म्हणाला, "पोहता येत नाही हे ठाऊक असून तू उडी मारलीस?"

"मारली."

"आपणहून?"

"अगदी आपणहून. नातीसाठी. असा आजोबा सांगलीत दुसरा दाखव, मी तुझे कपडे पुन्हा राखायला बसतो."

बापूनं डोळे पुसायला उपरण्याचं टोक उचललं. तेवढ्यात पायरीवर काहीतरी हललं. शरयूनं उजव्या कानातलं पांढरं बोंड काढलं होतं आणि ते चिमटीत धरून ती माझ्याकडं बघत होती. ते केव्हापासून बंद होतं कुणास ठाऊक.

"खोटं का सांगतोस रे, आजोबा?" ती म्हणाली. "तू उडी मारलीच नव्हतीस. मी ढकललं होतं तुला. दोन्ही हातांनी. आणि मग तू वरच येईनास!"